व्हरांड्यातलं गाऱ्हाणं

आवाज कुठे गेलाय ते स्वरूपला बसल्याबसल्याच कळलं. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो शोधत राहिला, आणि सगळं कोर्ट त्याच्या पाठीकडे बघत राहिलं.

सरकारी वकिलांनी सीलबंद पाकीट फोडून पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला होता. त्यात एकच फाइल. ती उघडली, पडद्यावरची रेघ सरकायला लागली, सेकंद पळायला लागले, आणि खोलीत पंख्याच्या करकरीशिवाय काही ऐकू येईना. न्यायाधीश मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. आरोपींच्या वकिलांनी खाली बघून ओठ दाबले. मागच्या बाकावर वाडीची सात डोकी आरोपी म्हणून बसली होती. त्यांत पहिला, टोपी मांडीवर ठेवून, ताठ बसलेला महिपत. स्वरूपचा बाप.

मॅडम विदर्भातून बदलून आलेल्या. संगणक चालवणारा आपला लिपिक पहिल्या आरोपीचा मुलगा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळायचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या तालुक्याचं आडनाव तेच. शिपायाला माहीत होतं, स्टेनोला माहीत होतं, फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण कशाला बोला. ह्या एका वाक्यावर आपल्याकडे गावंच्या गावं चालतात, कोर्ट त्यातून कसं सुटेल.

खटला बहिष्काराचा होता. फिर्यादी सगुणा, स्वरूपची लांबची चुलती. नवरा मुंबईत गिरणगावातल्या एका खानावळीत राबून मेला, ती सासऱ्याला आणि मुलीला धरून गावात राहिली. घराच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चिऱ्याची खाण निघाली. दगड कापणारं मशीन दिवसभर किंचाळायचं आणि लाल पावडर खाली तिच्या विहिरीत, तिच्या भातात, सासऱ्याच्या छातीत उतरायची. खाणीत भागीदार कोण, तर गावकीचेच, वाडीचा न्याय करणाऱ्यांतलेच, तिघं. मग गावकीकडे जाऊन काय होणार? ती थेट पोलिसांत गेली.

तोच तिचा गुन्हा. वाडीत भांडण झालं तर आधी गावकी, आधी देव. पोलिसांत जो परस्पर गेला त्याने गावकीच्या तोंडावर पाय दिला. मग एका संध्याकाळी ग्रामदेवाच्या देवळात सगळे जमले आणि महिपतने गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं, प्रत्येक वाक्य संपलं की सगळ्यांनी एका दमात ‘होय महाराजा’ म्हणायचं. आंब्याला मोहर यावा म्हणून गाऱ्हाणं, मुंबईला चाललेल्या पोराला नोकरी लागावी म्हणून गाऱ्हाणं, म्हैस विण्यासाठी अडली तरी गाऱ्हाणं. त्या संध्याकाळी ते एका विधवेच्या विरुद्ध घातलं. नाव घेतलं नाही. कागद केला नाही. गावकी अडाणी असेल, मूर्ख नाही. त्या उंबऱ्याला आमचा पाय नको, त्या हाताचं पाणी आमच्या तोंडाला नको, असं महिपत देवाला सांगत गेला आणि वाडी होकार देत गेली. स्वरूप खांबाशी उभा होता. त्यानेही दिला. विचार करून दिला असं नाही. लहानपणापासून त्या वाक्याच्या शेवटी तोंड आपोआप उघडतं.

पुढचं सगळं जिभेवर कुलूप लावून झालं. दुकानदाराकडचं मीठ संपलं. गिरणीवाल्याची गिरणी बिघडली. तिच्या दारावरून जाणारी रिक्षा थांबेनाशी झाली. आषाढात सासरा मेला तेव्हा प्रेत दुपार उलटेपर्यंत ओटीवर पडून होतं. तिरडी बांधायला एक हात आला नाही. शेवटी सगुणाने आणि तिच्या मुलीने, राहीने, कोयतीने बांबू तोडून तिरडी बांधली आणि सावर्ड्याहून आलेल्या परक्या टेम्पोवाल्याने म्हाताऱ्याला स्मशानात नेलं. स्वरूपच्या घराच्या खिडकीतून तो टेम्पो दिसला होता. त्याने डबा घेतला, गाडीला किक मारली आणि तो कामावर आला.

देवळातलं ते गाऱ्हाणं राहीच्या मोबाइलवर उतरलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणीला ऐकवायला म्हणून तिने चालू केलं. हे आपल्याच घराबद्दल चाललंय हे पोरीला अर्ध्यावर समजलं. मोबाइल पोलिसांनी जप्त केला, मालखान्यात त्याची बॅटरी फुगून तो मेला, पण आधी काढलेली नक्कल प्रयोगशाळेच्या तपासणीत खरी ठरून आली होती. आता खटल्यात जीव होता तो तेवढ्या नकलेत. साक्षीदार सगळे फिरले. कोणाला आठवेना, कोणी गावालाच नव्हतं. महिपतच्या शेजारी उभं राहून ज्याचा होकार सगळ्यांत पहिला पडायचा त्या विठूआजानेही पिंजऱ्यात शपथ घेतली, मी देवळात नव्हतोच, माझे गुडघे दुखत होते.

सरकारी वकील आपल्या लॅपटॉपवर ऐकवायला निघाले तर आरोपींचे वकील उठले. परका लॅपटॉप चालणार नाही, ऐकवायचं तर कोर्टाच्या संगणकावर. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे.

आणि कोर्टाचा संगणक मुका.

कोर्टातले संगणक लिनक्सवर चालतात. प्रिंटर अडला की स्वरूपला हाक, नेट गेलं की स्वरूपला हाक. त्याने स्पीकर बघितला. हिरवा दिवा लागलेला. पिन बघितली, बरोबर भोकात. आवाज पूर्ण चढवलेला. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचं पान उघडलं आणि तिथे सरळ लिहिलेलं होतं: आउटपुट, एचडीएमआय.

शनिवारी अपडेट आलं होतं. त्यानंतर मशीनने आपल्याच मनाने आवाजाची वाट बदलली होती. एचडीएमआयची तार खिडकीशेजारच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला. कुठल्या नंबरचा खटला चालू आहे ते लोकांना दिसावं म्हणून तो टीव्ही. तापतो म्हणून बाबू शिपाई सकाळभर तो रिमोटने बंद ठेवायचा. पण तार जोडलेली होती, आणि लिनक्सला तेवढं पुरतं. पलीकडे कोणीतरी आहे असं धरून ते बंद टीव्हीला आवाज पाठवत होतं.

खालची ओळ ‘लाइन आउट’, म्हणजे खोलीतला स्पीकर. त्यावर एक क्लिक, की बाप खोलीत बोलायला लागणार.

स्वरूपचा हात माउसवर थांबला.

सकाळी बापाने काही सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यातला तो नव्हेच. चूळ भरता भरता त्याने फक्त विचारलं होतं, “तुज्या त्या मशीनला काय होता का रे मधीच?” स्वरूप म्हणाला होता, होतं कधीकधी. बाप म्हणाला, “मंग होऊ दे.” आणि टॉवेलला तोंड पुसून आत गेला होता.

स्वरूपने आवाजाचं पान मिटलं आणि हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. काळ्या खिडकीचा एक फायदा असतो, मागून बघणाऱ्याला वाटतं काहीतरी खोल चाललंय. त्याने आवाज कमीजास्त करायचा अल्सामिक्सर लावला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या वरखाली केल्या. ध्वनीची सेवा बंद करून पुन्हा चालू केली. मशीन रीस्टार्ट केलं. जिथे दुखत नव्हतं ते सगळं त्याने चेपून बघितलं. शेवटी उभा राहून, मॅडमच्या चष्म्याकडे न बघता म्हणाला, “मॅडम, साउंड कार्ड गेलेलं दिसतंय. जिल्ह्याला कळवावं लागेल.”

मागच्या बाकावर कोणीतरी समाधानाने खाकरलं.

मॅडम म्हणाल्या, जेवणानंतर माझ्यासमोर एकदा लावून दाखवा. नाहीच आलं तर पुढची तारीख. मग फिर्यादीकडे वळून त्यांनी विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. सगुणा म्हणाली, जेवणानंतर सांगते.

जेवणाच्या सुट्टीत स्वरूप मागल्या अंगाला गेला. फणसाखाली जुन्या मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता, तिथे सगुणा बसली होती. तो वळून जाणार, तेवढ्यात तिने हाक मारली. वाडीतल्या कोणाशी ती आपण होऊन बोलल्याचं त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

“बस. इथं गावकी नाय. कोण बघणार नाय.”

तो उभाच राहिला.

“कार्ड गेला?”

“हो, काकी.”

“राहीच्या कॉलेजात पण असलीच मशीना हायत. ती म्हणते, मशीन कधी खोटा नाय बोलत, आये. माणूस त्याच्याकडून बोलवून घेतो.” तिने पदराने मान पुसली. “मी तुला शिकवायला नाय बसले. बाप तुजा हाय, मी कोण? पण सांगून ठेवते. आज नाय ऐकू आला, तर मी तडजोडीवर अंगठा देते. पुढच्या तारखेपर्यंत माज्यात दम नाय. गावकीनं निरोप दिलाय, केस काढ, मंग पाणी देतो. देवळात नाक घासायचा, माफी मागायची. आणि खाण चालूच.”

“काकी, माझ्या हातात काय आहे?”

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुज्या आज्यानं नि माज्या सासऱ्यानं मिळून देवळाची कौलं चढवली. त्या कौलाखाली उभं राहून तुम्ही त्याला उचलायला येणार नाय म्हणालात.” आणि डब्याचं झाकण लावून उठली.

स्वरूपला डबा गेला नाही. त्याने स्वतःला समजावलं. बापाचं वय काय, जेलात तो किती दिवस जगेल. धाकट्या बहिणीचं, सानवीचं, लग्न ठरलंय, गावकी फिरली तर मांडव कोण घालणार. आणि तडजोड झाली तर काकीलाही पाणी मिळेलच की. सगळ्यांचं भलं. माणूस हरामखोरी करतो तेव्हा हिशोबात सगळ्यांचं भलं धरतोच. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला हेही वाटलं की मॅडमसमोर एक क्लिक करावी आणि म्हणावं, सापडलं. पण आत जाताना व्हरांड्यात बापाच्या चपला दिसल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवलेल्या, आणि ते वाटणं तिथेच विझलं.

व्हरांडा माणसांनी भरलेला होता. आरोपींच्या मागे उभं राहायला अख्खी वाडी टेम्पो भरून आली होती. भाकऱ्या खाऊन पुरुषमाणसं फरशीवर पाय पसरून पेंगत होती. विठूआजा खांबाला टेकून झोपला होता, तोंड उघडं. लोक बाबूला सतवत होते, कुठला नंबर चालू आहे, आमचा कधी. बाबू वैतागला. त्याने खिशातून रिमोट काढला आणि टीव्ही लावला.

मागच्या रविवारी ह्याच टीव्हीवर बाबूने गुपचूप मॅच बघितली होती. आवाज तेव्हा जेवढा चढवला तेवढाच राहिला होता.

आत मॅडम बसल्या. स्वरूपने मशीनकडे जाऊन फाइल उघडली. लावून दाखवायचं, आवाज येत नाही हे दाखवायचं, संपलं. त्याने बटण दाबलं. रेघ सरकली. खोलीत पंखा करकरत राहिला.

“नाही येत, मॅडम,” तो म्हणाला.

आणि त्याच क्षणी बाहेर त्याचा बाप बोलला.

पहिल्यांदा स्वरूपला वाटलं, आपल्या डोक्यात वाजतंय. मग त्याने बघितलं, बाप तर मागच्या बाकावर होता, मिटल्या तोंडाने. पण आवाज दारातून येत होता, देवळात घुमतो तसा, खर्जातला, माणसापेक्षा मोठा. हे शिवेच्या धन्या, राखणदारा महाराजा, तुझी लेकरं तुझ्या पायरीशी उभी आहेत रे महाराजा.

टीव्हीतून जमावाचा होकार आला, पत्र्यासारखा. आणि त्याच्याही किंचित आधी, व्हरांड्यातूनच, दुसरा आला, ओला, म्हातारा, जिवंत.

“होय महाराजा.”

विठूआजा. झोपेतच. खांबाला टेकलेलाच, पण हात जोडून.

पुढचं वाक्य आलं. ज्याने तुझी वाट सोडून परक्याची पायरी धरली, तो आमच्यातला नव्हे रे महाराजा. ह्या वेळी तिघाचौघांनी साथ दिली. पेंगणारी माणसं उठून बसली, काही उभी राहिली. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, कोणीतरी ‘श्शू’ केलं, पण तोवर तिसरं वाक्य संपत आलं होतं, आणि ते जिथे संपतं तिथे ह्या माणसांची तोंडं उघडतातच. त्या उंबऱ्याला आमचा पाय नको, मेल्यागेल्याला आमचा खांदा नको रे महाराजा. सगळा व्हरांडा एका दमात म्हणाला, होय महाराजा.

मग बायकांपैकी कोणीतरी तोंडावर हात मारला आणि सगळं चिडीचूप झालं. टीव्ही एकटाच बोलत राहिला.

मॅडमना हे काय चाललंय ते कळेना. त्यांच्याकडे गाऱ्हाणं नसतं. त्यांनी विचारलं, बाहेर कोण बोलतंय. बाबू रिमोट हातात घेऊन दारात आला.

“मॅडम, टीव्ही बोलतोय. आणि ही लोकं त्याला उत्तर देतायत.”

मॅडम खुर्चीवरून उठून स्वतः दारापर्यंत गेल्या. भिंतीवरच्या टीव्हीवर खटल्याचा नंबर होता, त्याखाली महिपतचं आणि सहा जणांचं नाव, आणि समोर हात जोडून उभी अख्खी वाडी. कोणाला हात खाली घ्यायचं सुचत नव्हतं. आरोपींचे वकील हरकत घ्यायला उठले आणि कशावर हरकत घ्यायची ते न सुचून तसेच बसले. मॅडमनी ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत चालू द्यायला सांगितलं. परत येताना त्या स्वरूपच्या मशीनशी थांबल्या. स्वतःच माउस धरून त्यांनी आवाजाचं पान उघडलं. संगणक त्यांनाही येत होता.

“साउंड कार्ड गेलंय म्हणालात.”

त्यांनी एचडीएमआयच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे इथे लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही दिसलं, मॅडम.”

“पहिला आरोपी तुमचा कोण?”

खोलीतल्या ज्या ज्या माणसाला ते माहीत होतं, त्याने त्याने खाली बघितलं.

सगुणाला विचारलं गेलं की आवाज ओळखता का. ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, “आज सगळी परत बोलली, बाई. आता मी येगळा काय सांगू?”

निकाल लागायचा तेव्हा लागेल. आरोपी जामिनावर वाडीत परत आले, खाणीचं मशीन दुसऱ्या दिवशीही वेळेवर किंचाळलं. स्वरूपला लेखी खुलासा मागितला गेला आणि त्याचं टेबल जुन्या फायलींच्या खोलीत गेलं. ते त्याने धरूनच ठेवलं होतं. वाडी काय धरून बसली आहे, ते मात्र त्याला घरी कळलं.

वाडीचं म्हणणं असं, की पोराने मुद्दाम केलं. आत आवाज बंद करून बाहेर सोडला, सगळ्यांना झोपेत पकडलं. सगुणाशी फणसाखाली बोलताना त्याला दोघांनी बघितलंही होतं.

तो बापासमोर जाऊन बसला. बाप ओटीवर सुपारी कातरत होता.

“बाबा, मी तुमच्यासाठी खोटं बोललो. कोर्टात. नोकरीवर आलंय माझ्या.”

“मंग आवाज भायेर कसा आला?”

“तो भायेरच जात होता, शनिवारपासून. तार टीव्हीला होती. मी फक्त हात लावला नाही.”

बापाने अडकित्ता थांबवला. “आवाज गेला तर गेला असतो. तो दुसऱ्या खोलीत कसा जाईल? मी काय खुळा हाय?”

स्वरूपने तार समजावली, अपडेट समजावलं, ओटीवर बोटाने रेघ ओढून दाखवली. बाप ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “तुला ठाऊक होता ना, की तो तिकडं जातोय?”

“हो.”

“मंग झाला तर.” आणि तो कातरायला लागला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली. स्वरूपला बोलावणं नव्हतं. त्याची आई दोन वेळा दारापर्यंत येऊन परत आत गेली, आणि मग पदर डोक्यावर घेऊन निघाली. थोड्या वेळाने तोही मागोमाग गेला, चिऱ्याच्या पायऱ्यांखाली अंधारात उभा राहिला. देवळाच्या दारात सूप ठेवलेलं होतं. आत जाणारा प्रत्येक जण आपला मोबाइल त्यात टाकत होता. गावकी शिकते, कोण म्हणतं शिकत नाही.

आत दिवा लावला गेला. कुजबुज थांबली. मग बापाचा आवाज, खर्जातला, घुमणारा.

हे शिवेच्या धन्या, राखणदारा महाराजा.

विठूआजाचा होकार सगळ्यांच्या आधी आला. त्याच्यामागून वाडीचा.

ज्या पोराने घरातला आवाज परक्याच्या भिंतीवर चढवला, ते पोर आमचं नव्हे रे महाराजा.

बापाचा आवाज कुठेही अडला नाही. स्वरूप वाट बघत होता की अडेल. आतून होकार आला, आणि त्या होकारात एक बारीक आवाज त्याच्या आईचा होता, तो त्याला वेगळा ऐकू आला.

त्याच्या उंबऱ्याला आमचा पाय नको, त्याच्या हाताचं पाणी आमच्या तोंडाला नको रे महाराजा.

वाक्य संपलं. आतून सगळी वाडी एका दमात बोलली. आणि खाली पायरीशी उभ्या स्वरूपच्या लक्षात आलं, की त्याचे हात जोडलेले आहेत, तोंड उघडं आहे, आणि तोही म्हणाला आहे, होय महाराजा.